शिवनेरी, जीवधन, चावंड, हडसर : शहाजीराजांनी तीन वर्षं चालवलेलं राज्य

मंडळी, पोस्ट मोठी आहे. एका दमात होणार नाही. पण विषय आपल्याच दोन तालुक्यांचा आहे आणि आपल्याकडेच त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं, म्हणून निवांत वेळ काढून वाचा.

१६३६ साली पावसाळा सरला तेव्हा शहाजीराजे भोसले माहुलीच्या किल्ल्यात वेढले गेले होते. माहुली म्हणजे आसनगावच्या डोक्यावर दिसतो तो शहापूरचा किल्ला. खाली मोगलांचा खानजमान आणि आदिलशाहीचा रणदुल्लाखान, दोघांच्या फौजा. शेवटी बोलणी झाली. राजांनी किल्ले सोडायचं कबूल केलं आणि त्या किल्ल्यांची नावं शाहजहानच्या दरबारी इतिहासात, बादशाहनाम्यात, नोंदली गेली. जुन्नर म्हणजे आपला शिवनेरी, त्र्यंबक, त्रिंगलवाडी, हरिश्चंद्रगड, जीवधन, चावंड आणि हडसर. (फारसी लिपीतून इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे येईपर्यंत ही नावं इतकी वाकडी होतात की जीवधन आणि चावंड ओळखायला जरा थांबावं लागतं.)

यादी परत वाचा. सातातले चार सरळ जुन्नर तालुक्यातले. पाचवा हरिश्चंद्रगड, त्यावर खिरेश्वरच्या बाजूने आपलीच माणसं चढतात.

एक राज्य बुडालं आणि त्याचा शेवटचा हिशेब मिटवायची वेळ आली, तेव्हा देण्यासारखं जे उरलं होतं ते बहुतेक आपल्या दारातलं होतं. याचं कारण साधं आहे. १६३३ ते १६३६ अशी जवळजवळ तीन वर्षं एक राज्य याच डोंगरांच्या आधाराने उभं होतं. त्याच्या गादीवर एक पोरगा होता आणि त्याचा सगळा कारभार, लढाई, वसुली, बोलणी, हे शहाजीराजे बघत होते.

शिवजयंतीला आपण शिवनेरीवर जातो. पाळणा होतो, पोवाडे होतात, भाषणं होतात. त्यात शहाजीराजांचं नाव येतं ते वडील म्हणून. मोबाईलवर बघाल तर दोनच सूर. एक, 'स्वराज्यसंकल्पक', हात जोडलेला फोटो, पुढे तपशील शून्य. दुसरा, 'आयुष्यभर चाकरी केली, चारदा धनी बदलला'. दोन्हीकडच्या लोकांना ही तीन वर्षं सांगायची गरज वाटत नाही. माझं म्हणणं असं की शहाजीराजे समजून घ्यायचे तर याच तीन वर्षांत घ्यावेत. कारण जिंकणाऱ्याकडे जाणं सगळ्यात सोपं होतं त्या वेळी ते हरलेल्या बाजूचे कारभारी झाले.

पण ही रीत त्यांनी नव्याने काढलेली नाही. ती मलिक अंबरची.

मलिक अंबर हा इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. अहमदनगरच्या पेशव्याने, चंगीझखानाने, त्याला विकत घेतलं आणि पुढे तो शिपाईगिरीत वर चढत गेला. १६०० साली अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला, निजामशहा कैदेत गेला. कुणीही म्हणालं असतं, निजामशाही संपली. अंबरने काय केलं, तर त्या घराण्यातला एक मुलगा शोधला, परांड्याला त्याला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने पुढची सव्वीस वर्षं मोगलांशी झुंज दिली. राजधानी परांड्याहून हलली ती १६०७ च्या सुमारास आपल्या जुन्नरला आली, आणि दोन-तीन वर्षांनी दौलताबादला गेली. जुन्नरशेजारच्या हापूसबागेचं नाव मुळात हबशीबाग असावं, असं म्हणतात ते याच हबशी सरदारांमुळे. आंब्याशी त्याचा संबंध नाही!

अंबर नुसता लढवय्या नव्हता. त्याने वसुलीची मक्तेदारी मोडली, जमिनीची प्रत बघून सारा ठरवला, पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क कायम करून गाव जबाबदार धरलं. त्याचा धारा इतका मुरला की इंग्रज आल्यावरही त्यांच्या कागदात मलिक अंबरच्या आकाराचा उल्लेख सापडतो. युद्ध चालू असताना पेरणीही चालू राहिली पाहिजे, हे त्याला कळलं होतं.

भोसल्यांचं घर या राज्यात वाढलं. मालोजीराजांना पुणे-सुपे जहागीर मिळाली आणि शिवनेरी-चाकण हे किल्ले त्यांच्या हवाली केले, असं ग्रँट डफ लिहितो. १६२४ ला नगरजवळ भातवडीला अंबरने मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजा एकदम बुडवल्या. तलावाचं पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात घातली, रसद तोडली, मग हल्ला. त्या लढाईत शहाजीराजे होते आणि त्यांचे सख्खे भाऊ शरीफजी तिथेच पडले. गनिमी काव्याचं शिक्षण म्हणतात ते हे.

भातवडीनंतर अंबरशी बिनसलं आणि राजे विजापूरला गेले. १६२६ च्या मे महिन्यात अंबर वारला, तेव्हा ऐंशीच्या घरात होता. राजे परत निजामशाहीत आले. आणि मग २५ जुलै १६२९. दौलताबादच्या दरबारात निजामशहाने लखुजी जाधवरावांचा, म्हणजे जिजाऊसाहेबांच्या वडिलांचा, त्यांच्या दोन मुलांसह आणि नातवासह खून करवला. भर दरबारात, मुजऱ्याला आलेल्या माणसांचा.

आता 'धनी बदलला' म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. सासऱ्याचा आणि मेहुण्यांचा असा खून झाल्यावर त्या दरबारात उभा राहणारा जावई कोण असेल? राजे बाहेर पडले. जिजाऊसाहेब त्या वेळी गरोदर. त्यांना सुरक्षित ठेवायचं कुठे, तर शिवनेरीवर. तिथले विजयराज विश्वासराव हे थोरल्या संभाजीराजांचे सासरे, घरचं नातं. 'शिवराय शिवनेरीवर का जन्मले' या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. घर उद्ध्वस्त झालेल्या, कुठल्याच दरबारात बस्तान नसलेल्या सरदाराची बायको सोयऱ्याच्या किल्ल्यावर बाळंतपणाला राहिली होती. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवराय जन्मले.

त्याच सुमाराला विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकली. हे नाव लक्षात ठेवा, मुरार जगदेव पुन्हा येणार आहे. त्यात १६३० ते ३२ असा दुष्काळ, गुजरातपासून दख्खनपर्यंत. माणसं मेली, गुरं मेली, गावं ओस पडली. देहूत तुकोबांच्या घरातही याच दुष्काळाने माणूस नेलं. आपल्या पट्ट्याचं काही वेगळं झालं असेल असं समजायचं कारण नाही.

याच काळात, १६३० च्या अखेरीला, राजे मोगलांकडे गेले. मोठी मनसब मिळाली, बक्षीस मिळालं. ही नोकरी टिकली असती तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. टिकली नाही. मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने निजामशहाला मारून एक लहान मुलगा गादीवर बसवला आणि मोगलांना शरण गेला. त्याला खूश करायला मोगलांनी शहाजीराजांना दिलेल्या जहागिरीतले काही महाल काढून फतेहखानाला दिले. राजांनी १६३२ ला मोगलांना रामराम ठोकला.

हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितो. इथे जहागिरीचा राग होता. नुसता तत्त्वाचा प्रश्न होता असं रंगवायची गरज नाही. त्या काळी सरदाराची फौज त्याच्या जहागिरीवर पोसली जायची, महाल गेला की घोडी गेली आणि घोडी गेली की सरदारकी गेली. राग पोटाशी बांधलेला होता.

१७ जून १६३३ ला महाबतखानाने दौलताबाद घेतलं. किल्ल्याबाहेरून राजांनी विजापूरच्या फौजेबरोबर मोगलांची रसद मारायचा खटाटोप केला होता, तो पुरा पडला नाही. फतेहखान शरण आला. तो लहान निजामशहा ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कायमचा कैदी म्हणून गेला. १६०० सालसारखीच परिस्थिती, फक्त अंबर नव्हता. अहमदनगर गेलेलं, दौलताबाद गेलेलं, राजा कैदेत, मुलूख दुष्काळाने मोडलेला.

जे उरलं होतं त्याचेही तुकडे झालेले. जुन्नरला श्रीनिवासराव, उत्तर कोकणात सिद्दी साया सैफखान, दंडा-राजपुरीला सिद्दी अंबर. प्रत्येकजण आपापल्या किल्ल्यात, कुणाचा कुणाला मेळ नाही.

अशा वेळी शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातला मूर्तिजा नावाचा मुलगा गादीवर बसवला. पेमगिरीला. हे पेमगिरी संगमनेर तालुक्यात, आपल्या ओतूरच्या उत्तरेला. वडाच्या प्रचंड झाडामुळे ते गाव आज ओळखलं जातं. किल्ल्याचं दुसरं नाव शहागड. तो पोरगा जीवधनवर कैदेत होता आणि तिथून राजांनी त्याला सोडवून नेलं, अशी आपल्याकडची परंपरा. जीवधनच्या पायथ्याशी घाटघरला कुणालाही विचारा, सांगतील.

पोरगा गादीवर बसवला म्हणजे राज्य झालं असं नाही. जुन्नर हातात नसेल तर पेमगिरीला अर्थ नव्हता. नाणेघाटातून कोकणचा माल वर येतो, त्याच्या उशाला जीवधन. खाली जुन्नरची पेठ. भोवती चावंड, हडसर, शिवनेरी. हा सगळा चौकोन श्रीनिवासरावाच्या ताब्यात होता. राजांनी त्याला सोयरिकीच्या बोलण्यात गुंतवून पकडलं आणि किल्ले घेतले. दगा होता, सरळ दगा. मोगल इतिहासकार तसं लिहितात आणि आपल्यालाही ते झाकता येणार नाही. भक्तीने लिहिणारे हा भाग गाळतात. मला वाटतं गाळू नये, कारण मग त्या तीन वर्षांची किंमत कळत नाही. मोडलेल्या राज्यात हुकमाने किल्ला मिळत नव्हता. लढून घ्यायला वेळ नव्हता. राहिला हा मार्ग, आणि तो स्वच्छ नव्हता.

किल्ले हातात आल्यावर राज्याला आकार आला. नाशिक-त्र्यंबकपासून संगमनेर, जुन्नर, खाली पुणे-चाकण आणि घाटाखाली उत्तर कोकणाचा काही भाग. हजारोंची घोडदळाची फौज उभी राहिली. अंबरच्या हाताखाली तयार झालेली माणसं, कारकून, नाईकवाडी, देशमुख, हे सगळं मनुष्यबळ मोकळंच होतं. त्यांना धनी मिळाला.

आणि भागीदार कोण मिळाला? मुरार जगदेव. ज्याने दोन-तीन वर्षांपूर्वी राजांच्या जहागिरीतलं पुणं जाळलं, तोच. विजापूरला मोगलांची धास्ती होती. मधे निजामशाहीची भिंत उभी राहावी ही त्यांची गरज, म्हणून मुरारपंत फौज घेऊन पाठीशी उभे राहिले. तुळापूरची हत्तीची गोष्ट आपण लहानपणी ऐकली ती याच दिवसांतली. हत्ती नावेत चढवायचा, नाव किती बुडाली तिथे खूण करायची, मग हत्ती उतरवून तेवढी खूण पाण्याला लागेपर्यंत दगड भरायचे आणि ते दगड तोलायचे. युक्ती शहाजीराजांची, तुला मुरारपंतांची. नागरगावचं तुळापूर झालं. भीमाशंकरातून निघालेली आपली भीमा जिथे इंद्रायणीला भेटते तिथे हा सोहळा. गाढवाचा नांगर फिरवणारा माणूस आणि ज्याच्या गावावर तो फिरला तो माणूस एका नावेकडे बघत उभे आहेत, हे चित्र मला त्या हत्तीपेक्षा जास्त विचार करायला लावतं. राजांना त्या घटकेला अपमानाचा हिशेब परवडणारा नव्हता.

'स्वराज्यसंकल्पक' या शब्दाबद्दल इथेच बोलून घेतो. राजांनी स्वतःच्या नावाने गादी मांडली नाही. राज्य निजामशहाचंच म्हणवलं. त्यामुळे १६३३ ला स्वराज्याची घोषणा झाली असं म्हणणं मला ओढूनताणून वाटतं. पण ज्याला कारभार म्हणतात तो संपूर्ण त्यांच्या हातात होता. कोणत्या किल्ल्यावर कोण, कुठून किती वसूल, विजापूरशी काय बोलायचं, मोगलांना कुठे अडवायचं. एक मराठा सरदार मोगल पातशाहीसमोर एक आख्खं राज्य चालवतोय, हे दख्खनने त्या वेळी बघितलं. वि. का. राजवाड्यांनी जयराम पिंड्येचा 'राधामाधवविलासचंपू' छापला तेव्हा लांबलचक प्रस्तावना लिहून शहाजीराजांना त्यांची जागा मिळवून द्यायचा प्रयत्न केला, त्याला आता शंभर वर्षं झाली. ती प्रस्तावना वाचणारे कमी आणि फोटोवर नाव टाकणारे जास्त, असं झालंय.

पहिलं दीड-दोन वर्ष जमलं. १६३४ ला मोगल शहजादा शुजा आणि महाबतखान परांड्याला बसले, किल्ला मिळाला नाही, हात हलवत माघारी गेले. त्याच वर्षी महाबतखान मेला. पण १६३५ ला विजापूरच्या दरबारात उलथापालथ झाली. खवासखान मारला गेला आणि त्याच्याबरोबर मुरार जगदेवालाही हाल करून मारलं. मोगलांशी जुळवून घ्यावं म्हणणारा गट वर आला. राजांच्या पाठीची भिंत गेली.

१६३६ च्या सुरुवातीला शाहजहान स्वतः दौलताबादला येऊन बसला. पातशहा जातीने आला, यावरून प्रकरण किती मोठं समजलं गेलं ते कळतं. फौजांचे भाग केले. खानदौरान एकीकडे, खानजमान नगर-श्रीगोंद्याच्या बाजूला, आणि जुन्नर-संगमनेर-नाशिकच्या बाजूला कोण, तर शाइस्ताखान. हो, तोच. लाल महालात बोटं गमावली ती १६६३ ला, आपल्या भागाशी त्याची ओळख त्याआधी सत्तावीस वर्षांची. पुण्याला तो नवखा म्हणून आला नव्हता.

मे १६३६ ला आदिलशहाने तह केला. वीस लाखांची पेशकश मान्य केली आणि निजामशाहीचा मुलूख दोघांनी वाटून घेतला. तहात शहाजीराजांचं नाव घालून कलम होतं. जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले मोगलांना दिल्याशिवाय विजापूरने त्यांना नोकरीत घ्यायचं नाही. दोन पातशाह्यांच्या तहात एका सरदारासाठी वेगळं कलम.

त्यानंतर पाठलाग. ऐन पावसात घाट उतरून कोकण. राजांनी चौलच्या पोर्तुगीजांकडे आसरा मागितला, त्यांनी मोगलांच्या भीतीने नाकारला. शेवटी माहुली. जिजाऊसाहेब आणि सहा वर्षांचे शिवराय तिथे बरोबर होते असं सांगतात. राजांनी मोगलांकडे नोकरीची विचारणाही करून पाहिली, शाहजहानने ती धुडकावली. विजापूरला जा, दख्खनेत तुझं काम नाही, असा त्याचा अर्थ. मग ती सात किल्ल्यांची यादी.

मूर्तिजा मोगलांच्या हवाली झाला आणि ग्वाल्हेरला गेला. ज्या पोराच्या नावाने तीन वर्षं एवढा खटाटोप झाला, त्याला कुणी विचारलं नसेल तुला राजा व्हायचंय का म्हणून. त्याची बाजू कुठल्याच पोवाड्यात नाही.

राजांना विजापूरने घेतलं, पण दूर ठेवलं. १६३८ पासून बंगळूर. पुण्याची जहागीर नावावर राहिली, आणि तिच्यावर जिजाऊसाहेब आणि शिवराय आले. १६४८ ला जिंजीजवळ त्यांना विजापूरच्याच सेनापतीने कैद केलं, वर्षभराने सुटले. २३ जानेवारी १६६४ ला कर्नाटकात होदिगेरे इथे शिकारीत घोड्यावरून पडून गेले. समाधी तिथेच आहे.

आता आपल्या भागाचं काय झालं ते बघा, कारण ते कुणी लिहीत नाही.

१६३६ च्या वाटणीत चाकण-पुणे आदिलशाहीकडे गेलं आणि जुन्नर मोगलांकडे. सरहद्द ढोबळमानाने भीमा. म्हणजे आज आपण चाकणला कामाला जातो आणि संध्याकाळी मंचर, घोडेगाव, नारायणगावला परत येतो, ती तेव्हा दोन पातशाह्यांमधली येजा होती. ज्या मुलखात काल एकच कारभारी होता त्याचे मधोमध दोन भाग झाले. बापाने जुन्नर आणि चाकण एका हाताखाली ठेवलं होतं, मुलाला त्यातलं अर्धं मिळालं, तेही दुसऱ्याच्या नावाने.

मोगल आले ते आपली मोजणी आणि आपला सारा घेऊन. पश्चिमेच्या डोंगरातल्या महादेव कोळी नाईकांनी सतराव्या शतकाच्या मध्याला त्याविरुद्ध उठाव केला. तो इतक्या क्रूरपणे मोडला की जुन्नरला आजही काळा चबुतरा म्हणून त्याची खूण सांगतात. अंबरच्या वसुलीची सवय झालेल्या मुलखाला नवा सारा जड गेला, असं मी समजतो.

३० एप्रिल १६५७ च्या रात्री शिवराय जुन्नर शहरावर आले. तटाला दोराच्या शिड्या लावून आत शिरले, तीन लाख होन आणि दोनशे घोडी घेऊन गेले. चाकणच्या बाजूने जुन्नरला यायचं तर वाट आपल्या आंबेगाव-मंचरच्या पट्ट्यावरूनच. मोगलांविरुद्ध त्यांनी उघड उचललेलं हे पहिलं पाऊल, आणि ते कुठे पडलं बघा. सत्तावीस वर्षांचा तो तरुण कुठल्या अनोळखी गावावर आला नव्हता. सहा वर्षांचा होईपर्यंत हे त्याच्या बापाचं ठाणं होतं.

शहर लुटता आलं, किल्ला मात्र नाही. १६७३ ला शिवनेरी घ्यायचा प्रयत्न फसला. दोन वर्षांनी जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर जुन्नरला आला तेव्हाही वर मोगल किल्लेदारच होता. शिवराय गेले तोवर शिवनेरी मोगलांकडेच राहिला. ज्या किल्ल्यावर जन्मले तो त्यांना कधी मिळाला नाही, कारण तो त्यांच्या वडिलांनी माहुलीच्या बोलण्यांत दिला होता. वडिलांनी तो देऊन बायको-पोराचा जीव आणि पुण्याची जहागीर राखली, असंही त्याच गोष्टीकडे बघता येतं.

२०२५ च्या जुलैमध्ये मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बारा किल्ल्यांत आपला शिवनेरी आहे, आणि तामिळनाडूतली जिंजीही आहे. म्हणजे शहाजीराजांचं राज्य ज्या किल्ल्याबरोबर गेलं तो आणि ज्या किल्ल्यापाशी ते स्वतः कैद झाले तो, दोन्ही एकाच यादीत आले. जीवधन, चावंड, हडसर यादीत नाहीत. तिथे १८१८ नंतर इंग्रजांनी सुरुंगाने उडवलेल्या पायऱ्यांवरून आपण अजून हाताने दगड धरून चढतो.

म्हणून एक सुचवतो. आपल्याकडे पर्यटन तालुका म्हणून बैठका होतात, ग्रामपंचायती आहेत, दुर्गसंवर्धनाची मंडळं आहेत, दर रविवारी झाडू-फावडं घेऊन जाणारी पोरं आहेत. या चार किल्ल्यांवर माहितीफलक लागतील किंवा बदलतील तेव्हा 'सातवाहनकालीन' आणि 'शिवजन्मस्थान' यांच्या मधे दोन ओळी घालायला लावा : १६३३ ते १६३६ शहाजीराजे भोसले यांच्या ताब्यात, १६३६ च्या माहुलीच्या तहात मोगलांच्या हवाली. मजकूर फुकट आहे, रंगाचा खर्च तेवढाच. आणि पेमगिरी आपल्यापासून अर्ध्या दिवसाचं अंतर आहे. वर पेमादेवीचं देऊळ आहे, पाण्याची टाकी आहेत. उन्हाळा सुरू व्हायच्या आत कुणी येणार असेल तर कळवा, चार-पाच गाड्या मिळून जाऊ.